आबाको बेटावरील घरबांधणीची स्वयंसेवा: दोन मुक्कामांनंतरचा अभिप्राय

फेब्रुवारी २०२० मध्ये चार आठवडे आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन आठवडे मी बहामाजमधील ग्रेट आबाको बेटावर, मार्श हार्बर या गावी राहून, चक्रीवादळात पडलेली घरे आणि शाळा पुन्हा उभ्या करणाऱ्या एका संस्थेच्या तुकडीत काम केले. ही संस्था ठिकठिकाणांहून स्वयंसेवक बोलावते, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय स्वतः करते आणि आठवड्याचे सहा दिवस त्यांच्याकडून अंगमेहनतीचे काम घेते. फ्लोरिडातील आमच्या मराठी मित्रमंडळींपैकी अनेकांनी तेथे जाऊन यावे का, असे मला विचारले आहे, आणि दर वेळी फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. तिच्या ज्या उणिवा मी पुढे सांगणार आहे त्यांतील बहुतेक या प्रकारच्या कामाच्या रचनेतच आहेत. त्यांचा ठपका एकाच नावावर ठेवला, तर वाचक दुसऱ्या संस्थेला तेच प्रश्न विचारायचे राहून जाईल.

डोरियन हे वादळ १ सप्टेंबर २०१९ रोजी प्रथम एल्बो के या लहान बेटावर आणि थोड्याच वेळात मार्श हार्बरजवळ ग्रेट आबाकोवर धडकले, तेव्हा त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर होता. अटलांटिक महासागरातील वादळांपैकी जमिनीवर येताना इतका वेग त्याआधी केवळ १९३५ साली फ्लोरिडात शिरलेल्या एका वादळाचा नोंदवला गेला होता. त्याच रात्री उशिरा डोरियन शेजारच्या ग्रँड बहामा बेटावर पोहोचले आणि तेथे एक दिवसाहून अधिक काळ जवळजवळ जागचे हललेच नाही. वाऱ्याने जे मोडले ते मोडलेच, परंतु खरा घात समुद्राने केला, कारण काही भागांत पाणी २० फुटांच्या आसपास चढले. हा सारा देश सपाट चुनखडकावर वसलेला आहे. त्याचे सर्वांत उंच ठिकाण जेमतेम ६३ मीटर उंचीचे आणि तेही दूरच्या कॅट आयलंडवर आहे, त्यामुळे आबाकोच्या माणसाला चढून जाण्यासाठी डोंगरच नव्हता. ७० हून अधिक मृत्यूंची अधिकृत नोंद झाली, दोनशेहून अधिक माणसे बेपत्ता राहिली आणि एकूण नुकसान ३४० कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतके झाल्याचा अंदाज काढण्यात आला. मी पोहोचलो तेव्हा वादळाला पाच महिने झाले होते, तरी विमानतळापासून गावापर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइन वृक्षांची रांगच्या रांग कमरेतून मोडलेली आणि खाऱ्या पाण्याने तांबूस पडलेली दिसत होती.

राहण्याची व्यवस्था साधी पण विचारपूर्वक केलेली होती. एका चर्चच्या सभागृहात लाकडी दुमजली खाटा टाकल्या होत्या आणि तेथे तीसएक माणसे झोपत असू. स्नान बादलीभर पाण्यात उरकावे लागे, जनित्र रात्री दहाला बंद होई, आणि डासांसाठी मच्छरदाणी ज्याची त्याने आणायची होती, ही सूचना मात्र नोंदणीनंतरच्या पत्रात ठळकपणे द्यायला हवी होती. सकाळी साडेसहाला न्याहारी, सात वाजता हजेरी आणि साडेसातला कामाची जागा, हा क्रम दोन्ही मुक्कामांत एक दिवसही चुकला नाही. संध्याकाळच्या जेवणात भात आणि पिजन पीज, म्हणजे आपले तुरीचे दाणे, एकत्र शिजवलेला पदार्थ वारंवार असे. कोवळ्या तुरीच्या दाण्यांच्या भाताची ज्यांना सवय आहे त्यांना तो पहिल्या घासाला ओळखीचा वाटेल, परंतु तो तेथे बहुधा खारवलेले डुकराचे मांस घालून करतात, म्हणून शाकाहारी व्यक्तीने नोंदणीच्या वेळीच स्पष्ट लिहावे. मी लिहिले होते, आणि स्वयंपाक करणाऱ्या स्थानिक बाईंनी चारही आठवडे माझ्यासाठी वेगळे पातेले चढवले. रविवारी सुट्टी असते. एका रविवारी आम्ही बोटीने एल्बो के बेटावरील होप टाउनला गेलो आणि १८६४ पासून उभा असलेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ पाहिला. त्याच्या पायथ्याच्या वस्तीत अखंड छप्पर शोधावे लागत होते, तो स्वतः मात्र उभा होता.

पहिल्या आठवड्यात कोणालाही छपरावर चढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सुरुवात होते ती पाणी शिरलेल्या घरांचे आतले अस्तर काढण्यापासून. तेथील घरांच्या भिंतींना आतून जिप्समचे तक्ते लावलेले असतात; ते पाणी स्पंजासारखे शोषतात आणि काही दिवसांत त्यांच्या मागे काळी-हिरवी बुरशी चढते. तक्ते कापून बाहेर काढायचे, मागे उष्णता अडवण्यासाठी भरलेला, ओला झालेला कापूस उपसायचा, उघड्या पडलेल्या लाकडी खांबांवरची बुरशी तारेच्या ब्रशने घासायची, सूक्ष्म गाळणी असलेल्या यंत्राने धूळ ओढून घ्यायची, औषध लावायचे आणि मग लाकडातील ओलावा मोजणाऱ्या काट्याकडे लक्ष ठेवून थांबायचे, असे हे काम आहे. लाकूड पुरेसे वाळण्याआधी नवे तक्ते ठोकले तर तीच बुरशी सहा महिन्यांत परत येते, आणि या वेळी ती रंगवलेल्या भिंतीच्या आत, कोणाला न दिसता वाढते. आमच्या प्रशिक्षकांनी या थांबण्याच्या बाबतीत कोणाचीही भीड ठेवली नाही. एका घरमालकाला घाई होती, पाहुणे यायचे होते, तरीही काटा खाली येईपर्यंत त्यांनी भिंत झाकू दिली नाही. संपूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे, हातमोजे आणि खिळा न शिरणाऱ्या पोलादी तळव्याचे बूट यांवाचून घरात पाऊल टाकता येत नसे. मुखवट्याच्या गाळण्या दर काही दिवसांनी बदलून मिळत. सुरक्षेच्या या बाजूला मी पूर्ण गुण देतो.

छपराचे काम हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि माझ्या मते तेथे जाण्याचे ते एकच पुरेसे कारण आहे. वादळात छप्पर वाऱ्याने खाली दाबले जाते असा माझा लहानपणापासूनचा समज होता. प्रत्यक्षात वारा पाख्यावरून वेगाने सरकताना वरच्या बाजूचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. त्यातच एखादी खिडकी फुटून वारा घरात शिरला तर तो आतूनही त्याला वर ढकलतो. आम्ही दुरुस्त केलेल्या घरांच्या भिंती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या आणि धडधाकट होत्या, परंतु त्यांवरच्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, भिंतीमाथ्यावरील लाकडाला केवळ तिरप्या ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेल्या होत्या. असा खिळा वर ओढला गेला की दात उपटावा तसा सरळ निघून येतो. त्याऐवजी प्रत्येक कैचीवरून जस्ताचा मुलामा दिलेली किंवा गंज न धरणारी पोलादी पट्टी वळवून ती दोन्ही अंगांना खिळ्यांनी पक्की करतात; मग कैची उचलायची तर वाऱ्याला ते सारे खिळे आडवे कापावे लागतात, आणि ते फार कठीण असते. आढे कैचीला, कैची भिंतीमाथ्याच्या काँक्रीटच्या पट्ट्याला, तो पट्टा भिंतीतील सळयांना आणि सळया पायाला, अशी एक अखंड साखळी तयार करायची, आणि तिची एकही कडी कच्ची राहू द्यायची नाही, हे त्या कामाचे सार आहे.

हे काम शिकवणारे आमचे मुख्य सुतार त्याच बेटावरचे, तीसहून अधिक वर्षे छपरे बांधणारे होते. प्लायवूडचे तक्ते ठोकून झाले की ते आम्हाला घेऊन माळ्यावर रांगत जात आणि विजेरी वर धरीत. कैचीच्या लाकडाला लागून एखाद्या खिळ्याचे टोक मोकळ्या हवेत चमकताना दिसले, की तो खिळा हुकलेला आहे असे समजायचे. वरून पाहिले तर ओळ अगदी सरळ दिसते, आतून मात्र तक्ता कशालाच धरून नसतो. पहिल्याच पाख्यात आम्ही असे तीसहून अधिक खिळे मोजले, ते सगळे उपटले आणि पुन्हा ठोकले, कडेला चार-चार इंचांवर आणि मध्ये सहा-सहा इंचांवर. त्या दिवशी ते आम्हाला एवढेच म्हणाले की, वारा वरून नाही, इथून तपासणी करतो. छपराची रचनाही ते शक्य तेथे बदलून चौपाखी करून घेत, कारण दोन पाख्यांच्या छपराची त्रिकोणी भिंत वाऱ्याला छाती दाखवून उभी असते, तर चौपाखी छपरावरून वारा चारही बाजूंनी घसरतो. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवण्याचाही त्यांचा आग्रह होता, जेणेकरून पडवी उडालीच तर ती घराला आपल्याबरोबर ओढून नेणार नाही.

याच सुतारांमुळे मला या सेवेचा खरा कस कळला. घराचा नकाशा संस्थेच्या कार्यालयात तयार होत असे आणि तो चांगलाच होता, परंतु सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या घरी काम चालू असताना त्यांनी एक मागणी केली, जी नकाशात नव्हती. त्यांना स्वयंपाकघराच्या छतात माळ्यावर चढता येईल असा झरोका हवा होता, आणि तोही मोठा माणूस खांद्यासकट वर जाईल एवढा रुंद. डोरियनच्या दिवशी पाणी त्यांच्या छातीपर्यंत चढले होते, त्या ओट्यावर उभ्या होत्या आणि त्यांच्या मुलाने हातोडीने छत फोडून त्यांना वर ओढले होते. आमच्या तुकडीप्रमुखाने नकाशात बदल करण्यासाठी वरून परवानगी मागवली. ती यायला अकरा दिवस लागले. सुतारांनी तिसऱ्या दिवशीच चौकट कापून ठेवली होती. ज्यांच्यासाठी घर बांधायचे त्यांना वादळाबद्दल आपल्यापेक्षा अधिक माहीत आहे, ही गोष्ट संस्थेच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापलेली होती, पण ती प्रत्यक्ष कामात उतरायला इतका वेळ लागावा, याचे मला तेव्हा वाईट वाटले आणि आजही वाटते.

तेथे जाण्याआधी एक साधी रीत शिकून घ्यावी. बहामाजमध्ये कोणाशीही बोलण्याआधी सुप्रभात किंवा शुभ दुपार म्हणतात. दुकानात, बोटीवर, कोणाच्या अंगणात, कोठेही. ते न म्हणता थेट कामाचे बोलणे हे तेथे उद्धटपणाचे समजले जाते. पहिल्या दिवसाच्या मार्गदर्शनात यंत्रांविषयी दोन तास बोलले गेले, या रीतीविषयी कोणी एक वाक्य बोलले नाही, आणि त्यामुळे चांगल्या मनाने आलेली तरुण मुले काही घरांत विनाकारण नकोशी झाली.

आता सर्वांत जड गोष्ट. मार्श हार्बरमध्ये वादळापूर्वी मड आणि पिजन पीज नावाच्या दोन मोठ्या वस्त्या होत्या, ज्यांत मुख्यतः हैतीहून आलेली आणि त्यांच्या पोटी येथेच जन्मलेली माणसे प्लायवूडच्या घरांत दाटीने राहत. गावातील बांधकाम, बागकाम आणि घरकाम यांचा मोठा भार या लोकांच्या हातांवर होता. त्या वस्त्या सखल जागी होत्या आणि डोरियनमध्ये जवळजवळ पूर्णपणे पुसल्या गेल्या. त्यानंतर सरकारने तेथे नवे बांधकाम करण्यास मनाई केली आणि अवशेषही हटवले. आमची संस्था घर दुरुस्तीसाठी घेताना जमिनीच्या मालकीची कागदपत्रे मागे. कायद्याच्या दृष्टीने तिला दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करतो. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेले घर उद्या पाडले जाईल, आणि त्या भागात पुन्हा वस्ती करणे जिवाला धोक्याचे होते हेही खरे. परंतु याचा परिणाम असा झाला की ज्यांचे सर्वांत जास्त गेले त्यांच्यापर्यंत आमची एकही फळी पोहोचली नाही. आमच्याबरोबर रोजंदारीवर काम करणारा एक हैतीवंशीय तरुण दिवसभर दुसऱ्यांची छपरे पक्की करी आणि रात्री ताडपत्रीखाली झोपे. मी तुकडीप्रमुखाला विचारले तेव्हा उत्तर मिळाले की हा विषय आपल्या कक्षेत येत नाही. घर बांधता येत नसेल तर भाड्याच्या खोल्यांची दुरुस्ती हाती घेता येते, मालकाशी ठरावीक वर्षे भाडे न वाढवण्याचा करार करता येतो, निदान तात्पुरत्या निवाऱ्याला हात लावता येतो. माझ्या दोन मुक्कामांत यांपैकी काही झालेले मी पाहिले नाही, आणि या सेवेचा अभिप्राय लिहिताना मी तिचे सर्वांत अधिक गुण येथेच कमी करतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी परतलो आणि त्याच महिन्यात कोरोनामुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. स्वयंसेवक घरी परतले आणि कित्येक घरे अर्धवट राहिली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धनजवळच्या आमच्या वडिलोपार्जित घराच्या मागच्या पडवीचे पत्रे उचलले गेले. भोवतीची सुपारीची बाग जवळजवळ सगळी आडवी झाली. मी हजारो मैलांवर होतो आणि टाळेबंदीमुळे जाता येत नव्हते. चुलतभावाशी फोनवर बोलताना मी आबाकोच्या सुतारांनी शिकवलेले सारे त्याला सांगितले, आणि आमच्या गावच्या मिस्त्रींनी ते शांतपणे ऐकून घेऊन लोहाराकडून जाड पट्ट्या वळवून घेतल्या आणि प्रत्येक वासा भिंतीतल्या लाकडी पट्ट्याशी बांधला. त्या जून महिन्यात पुण्या-मुंबईहून अनेक गट ताडपत्री, कौले आणि शिधा घेऊन श्रीवर्धन-दिवेआगरकडे गेले होते. भाऊ सांगतो की, सर्वांत उपयोगी ठरले ते ज्यांनी येण्याआधी फोन करून काय हवे ते विचारले, आणि ज्यांच्याबरोबर एखादा कसबी माणूस होता. आबाकोवर मी जे पाहिले होते त्याच्याशी हे अक्षरशः जुळत होते, आणि त्यामुळेच मी दुसऱ्यांदा जायचे ठरवले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या तुकडीकडे एका प्राथमिक शाळेच्या चार वर्गखोल्या होत्या. वादळानंतर आबाकोची हजारो माणसे राजधानी नॅसोला गेली होती आणि मुलेही तिकडच्या शाळांत दाखल झाली होती. ती परत यायची तर येथे शाळा हवी, आणि शाळा नाही म्हणून आईबाप परतत नाहीत, असा तो तिढा होता. वर्गखोल्यांचे काम उत्तम झाले. छपराच्या साखळीची एकेक कडी दोन वेळा तपासली गेली, खिडक्यांना आतून बंद करता येतील अशी जाड झडपे बसवली, विजेचे सगळे जोड कमरेच्या वर घेतले आणि भिंतींच्या खालच्या भागात जिप्समऐवजी सिमेंटचे तक्ते लावले, म्हणजे पुन्हा पाणी आलेच तर धुऊन वाळवता येतील. ज्या दिवशी किल्ल्या मुख्याध्यापिकांच्या हाती दिल्या त्या दिवशी त्यांनी मनापासून आभार मानले आणि लगेच विचारले की, चार खोल्या झाल्या, आता शिक्षकांना कोठे ठेवू? बाहेरून येणाऱ्या शिक्षकांसाठी गावात भाड्याची एकही परवडणारी खोली उरलेली नव्हती. संस्थेच्या योजनेत शाळा होती, शिक्षकांची घरे नव्हती. देणगीदारांना शाळेवर पाटी लावता येते, शिक्षकांच्या बिऱ्हाडावर लावता येत नाही. हे मला तुकडीतल्याच एका अनुभवी सहकाऱ्याने सांगितले, आणि ते ऐकून मी बराच वेळ गप्प होतो.

दोन मुक्कामांच्या दरम्यान काही गोष्टी सुधारल्याही होत्या, आणि त्या नोंदवणे न्यायाचे आहे. पहिल्या वेळी मोडक्या घरासमोर उभ्या असलेल्या माणसांची छायाचित्रे सर्रास काढली जात. दुसऱ्या वेळी घरमालकाची लेखी संमती असल्याखेरीज मोबाइल बाहेर काढायचा नाही असा नियम होता आणि तो पाळला जात होता. पहिल्या वेळी पगारी स्थानिक सुतार तुकडीत एकच होते, दुसऱ्या वेळी चार होते, त्यांच्या हाताखाली गावातील तरुण काम शिकत होते आणि त्यांना त्याची मजुरी मिळत होती. आणि घराचा जो नवा छापील नकाशा आम्हाला दिला गेला, त्यात स्वयंपाकघराच्या छतात माळ्याचा झरोका काढलेला होता, मापांसकट. मी त्या बाईंच्या घरी मुद्दाम जाऊन आलो. त्यांच्या झरोक्याखाली भिंतीला पक्की शिडी होती आणि वर, हात पोहोचेल अशा जागी, एक हातोडी टांगलेली होती.

जे अजिबात सुधारले नव्हते ते साहित्याचे नियोजन. लाकूड, पट्ट्या, खिळे, तक्ते, सारे फ्लोरिडाहून बोटीने येते, आणि बंदरात एखादा कंटेनर अडकला की छपराचे काम थांबते. मग चाळीस माणसे आधीच रंगवलेल्या भिंती पुन्हा रंगवीत बसतात. दुसऱ्या मुक्कामात असे सहा दिवस गेले. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीतून पाच दिवसांसाठी गट आला होता. त्यांना डोळ्यांना दिसेल असे काम हवे होते, म्हणून आलेले थोडेसे साहित्य शाळेच्या कुंपणाला गेले आणि दोन घरांची छपरे आणखी एक आठवडा ताडपत्रीखाली राहिली. इतक्या कमी मुदतीचे गट घेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. नवख्या माणसाला खिळा नेमका कैचीत बसवायला आठवडा लागतो. तो शिकतो तोच त्याची परतण्याची वेळ होते, आणि शिकवण्यात कसबी सुतारांचे जे दिवस जातात ते कोणाच्या हिशेबात धरलेले नसतात.

खर्चाचे सांगायचे तर संस्था स्वयंसेवकाकडून काही घेत नाही. विमानप्रवास, विमा, बूट आणि मच्छरदाणी यांचा खर्च आपला. ज्याच्याकडे चार आठवडे मोकळे आहेत, ज्याला उन्हात दिवसभर उभे राहता येते, आणि वयाने लहान किंवा शाळा न शिकलेल्या मिस्त्रीने चूक दाखवली तर राग येत नाही, त्याने अवश्य जावे. वयाची अट मी घालणार नाही. आमच्या तुकडीत बासष्ट वर्षांच्या एक निवृत्त परिचारिका होत्या आणि बुरशीच्या कामात त्यांच्याइतके बारकाईने कोणीच पाहत नव्हते. गवंडी, सुतार, वायरमन, नळकाम करणारे आणि स्थापत्य अभियंते यांची तेथे फार गरज असते. ज्याच्याकडे एकच आठवडा आहे, त्याने विमानभाड्याचे पैसे स्थानिक सुताराच्या मजुरीसाठी पाठवावेत. मार्श हार्बरच्या तिकिटाच्या रकमेत कुशल माणसाचे काही दिवस सहज निघतात आणि ते काम अधिक नीट होते.

कोठल्याही संस्थेत नाव नोंदवण्याआधी तिला पत्र लिहून विचारावे की, कामावर देखरेख करणारा सुतार बेटावरचा आहे का आणि त्याला पगार मिळतो का. घरांची यादी कोण ठरवतो आणि कागदपत्रे नसलेल्या कुटुंबांचे काय होते. आणि दोन वर्षांनी छप्पर गळू लागले तर घरमालकाने कोणाला बोलवायचे. मी २०२० मध्ये शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर आले नव्हते. २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या प्रत्येक घराच्या विजेच्या पेटीच्या झाकणाआड एक चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि तिच्यावर आमच्या त्या सुतारांचे नाव व फोन क्रमांक लिहिलेला होता. पहिल्या तीन वर्षांच्या किरकोळ दुरुस्तीची मजुरी संस्थेने त्यांना आगाऊ देऊन ठेवली होती.